गार पडली त्या दिवशी दोस्ताला घेऊन जेवाले कसं जायचं

आपल्या विदर्भात बर्फ काही पडत नाही, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये कधी कधी दहा-पंधरा मिनिटांत अशी गार कोसळते की अख्खं वावर पांढरं दिसते, घाटे भरलेला हरभरा खाली लोळते, गहू झोपते, संत्र्याच्या झाडाखाली सडा पडते. 2014च्या फेब्रुवारी-मार्चची गार तर कोणी विसरूच शकत नाही. त्या संध्याकाळी हवा एकदम थंड होते अन ज्याचं वावर गेलं तो माणूस खाटेवर बसून राह्यते, जेवतच नाही. घरचे म्हणतात जेवा, तो म्हणते भूक नाही. अशा वेळी त्याला घराबाहेर काढून रोडवरच्या ढाब्यावर नाहीतर तालुक्याच्या सावजी खानावळीत नेऊन पोटभर जेवू घालणं हे दोस्ताचं काम आहे, असं मी मानतो. ते नीट कसं करायचं ते सांगून राह्यलो, कारण पहिल्यांदा मी नेलं तेव्हा सगळं एकदमच मागवलं, मंग दोस्त बोलायला लागला अन तोपर्यंत ताटातलं सगळं थंड होऊन गेलं, दोघांनी अर्धं तसंच सोडलं. ते अजून मले डाचते.

पहिले तर घाई करू नका. गार चालू असताना गाडी काढायची नाही, विजा चमकून राह्यल्या असतील तर झाडाखाली थांबायचं नाही, आणि थांबल्यावरही रोडवर गारांचा थर असते तिथे मोटरसायकल सपकन घसरते. निघायच्या आधी त्याच्यासोबत वावरात जाऊन या. उजेड असेपर्यंत चारही बाजूनं फोटो काढा, कारण तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक पंचनाम्याला येईपर्यंत गारा विरघळून गेलेल्या असतात. हे झालं की त्याच्या डोक्यातलं एक ओझं कमी होते, मंगच तो गाडीवर बसते. फोटो पंचनाम्यासाठीच ठेवा, स्टेटसला टाकू नका, त्याच्या नुकसानीचा फोटो गावभर फिरायला नको.

बोलावताना "चाल पार्टी करू" असं म्हणायचं नाही. "मले भूक लागली, एकट्यानं जेवाले बरं वाटत नाही, चाल ना गा" एवढंच म्हणा. गुरुवार असेल किंवा गळ्यात माळ असेल तर मटणाचा विषयच काढू नका, सावजीत पाटोडी रस्सा (बेसनाच्या वड्यांचा) मिळते अन तो त्या थंडीत मटणाइतकाच चांगला लागते. फक्त खानावळवाल्याला आधीच विचारा की व्हेजचा रस्सा वेगळ्या गंजात आहे का, मटणाचा पळा त्यात बुडत नाही ना. माळकऱ्यासाठी हे लहान काम नाही.

जागा भट्टीच्या जवळची घ्या, दरवाज्याकडे पाठ नको. टिनाच्या शेडखाली पाऊस सुरू झाला तर एकमेकांचं ऐकू येत नाही, म्हणून आतली, भिंतीला लागून असलेली बाज किंवा टेबल पाहा. ओला दुपट्टा त्याच्या अंगावरून काढून घ्या, आपल्याकडचा कोरडा द्या.

आता ऑर्डर, आणि खरी गोष्ट हीच आहे. थोडं थोडं मागवायचं. दोघांत एकच मटण प्लेट अन एकच भाकर आधी, ती संपत आली की दुसरी भाकर सांगायची, तव्यावरून थेट ताटात आली पाहिजे. ज्वारीची भाकर थंड झाली की कडक होते, अन मटणाची चरबी तर अशा हवेत पाहता पाहता गोठते, टाळूला चिकटते. रस्सा मात्र दम धरते, वर तर्रीचा, म्हणजे लाल तेलाचा, थर असते ना, तो वाफ लवकर निघू देत नाही. म्हणून पहिले पीस खायचे, रस्सा मागून निवांत भुरकायचा. पुष्कळ ठिकाणी रस्सा परत मिळते, पण पैसे लागतात का ते सुरुवातीलाच विचारून घ्या म्हणजे बिलाच्या वेळी चेहरा पडत नाही. भात सगळ्यात शेवटी. अशानं जेवण तासभर चालते, दरवेळी समोर गरम काहीतरी येते, अन मधल्या वेळात माणूस बोलते.

एका ताटात जेवा, जमत असेल तर. नळी असली तर त्याच्याकडे सरकवा, काही म्हणू नका. सावजीचा ठसका लागला तर पाण्यानं काही होत नाही, तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, दह्याचा घास नाहीतर कोरड्या भाकरीचा तुकडा द्या. कांदा-लिंबू जास्तीचं मागा. भिवापुरी मिरचीचा ठेचा असेल तर तोही, पण त्यानं सकाळपासून काही खाल्लं नसेल तर रिकाम्या पोटी ठेचा नको, आधी अर्धी भाकर पोटात जाऊ द्या.

दारू टाळा, हे मी हात जोडून सांगतो. लोकं म्हणतात थंडीत गरमी येते, पण ती वरवरची असते, कातडीकडे रक्त धावते अन अंगातली खरी उब बाहेर निघून जाते. वरून गाडी चालवायची असते, अन मन आधीच खचलेलं असते. त्यापेक्षा शेवटी अद्रकाचा चहा घ्या.

बोलण्याचं म्हणाल तर किती नुकसान झालं, बँकेचं किती बाकी आहे, हे आपण विचारायचं नाही. तो काढेल तर ऐकायचं. "होते राजा, सगळ्यांचंच गेलं" असं पण म्हणू नका, त्याचं गेलं ते त्याचं गेलं. माझा दोस्त त्या दिवशी पाऊण तास गप्प होता, तिसऱ्या भाकरीला म्हणाला की घाटे या वर्षी फार भरले होते गा. मी काहीच बोललो नाही, रस्सा त्याच्याकडे सरकवला. मंग तो बोलतच राह्यला.

बिल हात धुवायला गेल्यासारखं करून आधीच काउंटरवर देऊन या. तो चिडेल, खिशात हात घालेल, तेव्हा "तूर विकली की तू दे" म्हणा. त्यानं देण्याची जागा राहिली पाहिजे, अन तूर विकल्यावर तो खरंच घेऊन गेला तर गुमान जा, तिथे बिलासाठी ओढाताण नको.

अन पार्सल विसरू नका, कारण त्याच्या घरी चूल पेटली नसेल. बाहेर जेवताना त्याला लेकरं आठवतात, मंग त्याचा घास उतरत नाही, म्हणून बसल्याबसल्याच सांगून टाका की घरी चार माणसांचं पाहिजे. निघतानाच घरून एक स्टीलचा कडीचा डबा सोबत घ्या, पिशवीत गरम तर्री भरली तर फाटते नाहीतर गळते. डब्यात रस्सा चारातले तीन हिस्से भरा, वर जागा सोडा, झाकणाखाली पातळ कापड लावा, भाकरी वेगळ्या कागदात. मागे तो डबा मांडीवर धरून बसते, हाताला उब लागते, अन रस्ता ओला असल्यामुळे तुम्ही गाडी सावकाशच हाकता. त्याच्या दाराशी थांबलात की आत जाऊ नका, डबा त्याच्याच हातानं घरात जाऊ द्या.