बारा बेसचं इबेरियन सैन्य: टोळी निवडण्यापासून वार्निशपर्यंत

टेबलावर प्राचीन लढायांचा खेळ खेळण्यासाठीची मिनिएचर, म्हणजे छोटे खेळणीतले सैनिक, विकत घेण्याआधी टोळी ठरवा. इबेरियन, केल्टिबेरियन आणि लुसिटानियन या इबेरियन द्वीपकल्पातल्या (आजचे स्पेन-पोर्तुगाल) लोकांची सरमिसळ करून ‘प्राचीन स्पॅनिश’ सैन्य उभं केलं, तर ते धड कुणाचंच दिसत नाही. इथे रोमचा शत्रू असलेल्या कार्थेजच्या बाजूने लढलेले पूर्व किनाऱ्याचे इबेरियन घेतले आहेत. रोमविरुद्ध लढलेला त्यांचा नेता विरियाथस याचे लुसिटानियन हवे असतील तर लहान गोल ढालवाले वाढवा, लांब ढालवाले कमी करा.

डीबीए (De Bellis Antiquitatis) या खेळाच्या नियमांत सैन्य १२ बेसचं असतं; बेस म्हणजे सैनिक चिकटवायची पट्टी. १५ मिमी मिनिएचरसाठी बेसची रुंदी ४० मिमी. एक सोयीची मांडणी अशी: लांबट अंडाकृती ढालीचे स्कुटारी, ६ बेसवर चार-चार, गोल काएत्रा ढालीचे काएत्राती, ३ बेसवर तीन-तीन, गोफणवाले, १ बेसवर दोन, घोडेस्वार, २ बेसवर तीन-तीन. एकूण ४१. ही मांडणी तुमच्या नियमावलीतल्या यादीशी ताडून मगच खरेदी करा.

साच्यातून आलेले भाले बहुधा जाड आणि लगेच वाकणारे असतात. ते कापून टाका. मुठीत ०.५ मिमीचं भोक पाडून त्यात तेवढ्याच जाडीची पितळी तार घाला. सोलिफेरेउम हा अख्खा लोखंडी फेकभाला साधारण दोन मीटरचा असे, म्हणून १५ मिमीच्या मापात तार २० मिमी पुरे. टोक पकडीने चपटं करून तिरकं कापा, सुपरग्लूने चिकटवा आणि मगच प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर) मारा. तार आधी रंगवून नंतर बसवली तर मुठीपाशी रंग हमखास सोलतो.

आता अंगरखा, इथेच सगळं सैन्य उठून दिसतं. इ.स.पू. २१६ च्या कान्नाएच्या लढाईतले इबेरियन जांभळ्या काठाचे तागाचे अंगरखे घालून आले होते, असं ग्रीक इतिहासकार पॉलिबियस लिहितो. थेट पांढरा रंग थापला तर तो चुन्यासारखा खरखरीत दिसतो आणि घड्या बुजतात. आधी फिकट बदामी हात द्या, वर पाणी घालून पातळ केलेल्या पांढऱ्याचे दोन-तीन हात. घड्यांमध्ये तपकिरी वॉश, म्हणजे खूप पातळ रंग, फक्त ब्रशच्या टोकाने सोडा. अख्ख्या अंगावर ओतला तर कापड मळकं होतं. काठ मात्र उलट्या क्रमाने करा: जांभळी पट्टी जाडच ओढा आणि तिची कड पांढऱ्याने नीट करा. पट्टी बारीक ओढत बसण्यापेक्षा हे सोपं. ढाली सगळ्या एकाच रंगाच्या नकोत. हे रोमन सैन्य नव्हे.

बेस २ मिमी एमडीएफचे (दाबून केलेल्या लाकडी फळीचे) घ्या. पातळ पुठ्ठा जमीन दाखवायला लावलेल्या फेविकॉल-वाळूच्या ओलीने वाळताना वळतो.

शेवटचा मॅट वार्निशचा स्प्रे कोकणात, मुंबईत पावसाळ्यात मारू नका; दमट हवेत त्यावर पांढरट धुकं बसतं, आणि जांभळ्या काठावर ते सर्वांत आधी दिसतं. त्या महिन्यांत वार्निश ब्रशनेच लावा, पातळ दोन हात.