एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीच्या ब्रेकमधील हवा काढताना

परतवाड्याजवळच्या एका लहान गॅरेजमध्ये मी काम शिकू लागलो, तेव्हा चिखलदऱ्याचा घाट उतरून आलेल्या गाड्यांबाबत एकच तक्रार वारंवार कानी पडे: पेडल मऊ लागते. मिस्त्री आधी ब्रेक ऑइल कधी बदलले होते, हे विचारीत. हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असला, तरी ओलावा मुरल्यावर तो १५५ अंशांच्या आसपास उतरू शकतो. मग उतारावर तापलेल्या ब्रेकमध्ये त्याची वाफ होते, आणि वाफ दबत असल्यामुळे पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचत नाही.

ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवाही अशीच दबते. ती काढण्याची रीत जुनीच आहे. गाडी सपाट जागी भक्कम घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवावी, निप्पलला, म्हणजे चाकाच्या ब्रेकवरील हवा काढायच्या छोट्या पोकळ स्क्रूला, पारदर्शक नळी लावून तिचे टोक थोडे ऑइल असलेल्या बाटलीत बुडवावे, सोबत्याने पेडल सावकाश दाबून धरले की निप्पल किंचित सैल करावे आणि त्याने पाय उचलण्यापूर्वी घट्ट करावे. माझा चुलतभाऊ ‘दाबलं’ म्हणता म्हणताच पाय सोडी, त्यामुळे बाहेर आलेली हवा पुन्हा आत जाई. म्हणून ‘बंद केलं’ हे शब्द ऐकल्याखेरीज पाय हलवायचा नाही, असे आधीच ठरवून घ्यावे. कोणत्या चाकापासून सुरुवात करायची, ते त्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. ऑइलच्या डबीपासून सर्वांत दूर असलेले चाक आधी घेण्याचा नियम सगळ्याच गाड्यांना लागू पडत नाही.

माझी खरी चूक मात्र वेगळी होती. बाटलीतले बुडबुडे पाहण्यात मी इतका गुंतलो, की वरची ऑइलची डबी रिकामी झाली आणि हवा एबीएसच्या युनिटमध्ये शिरली. तेथील काही झडपा एरवी बंद असल्याने नुसते पेडल मारून ती हवा निघेना. शेवटी गाडी टोचन करून अमरावतीला न्यावी लागली आणि तेथे स्कॅनर (गाडीतील संगणकाला जोडायचे यंत्र) जोडून पंप व झडपा चालवल्यावर पेडल कडक झाले. तेव्हापासून मी दर पाच-सहा दाबांनंतर डबीचे झाकण उघडून पाहतो. ऑइल सांडून गाडीचा रंग उडू नये म्हणून ते लगेच धुवायला शेजारी पाण्याची बादलीही ठेवतो.

काम झाल्यावर पेडल स्पंजासारखे दबत असेल किंवा एबीएसचा दिवा विझत नसेल, तर गाडी अंगणाबाहेर काढू नये.