मॅन्युअल उघडायची सवय दुसऱ्या वर्षापासूनच लावा

मी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचा. डिग्री घेऊन जळगाव एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात लागलो आणि पहिल्याच मे महिन्यात एक्स्ट्रूडरचा (प्लास्टिक वितळवून पाइप काढणाऱ्या मशीनचा) ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर, ट्रिप व्हायला, म्हणजे आपोआप बंद पडायला लागला. सकाळी ठीक, दुपारी दोननंतर बंद. अमळनेरकडचे ऑपरेटर काका विचारायचे, "काय व्हयनं भाऊ?" मोटरची समीकरणं पाठ होती, पण काकांना सांगायला उत्तर नव्हतं.

तीन दिवस मोटरच तपासत बसलो. चौथ्या दिवशी पॅनेलच्या दारामागे पिशवीत ठेवलेलं ड्राइव्हचं मॅन्युअल काढलं. त्यात आलेख होता: ४० अंशांपर्यंत पूर्ण क्षमता, त्यापुढे तापमान वाढेल तसा करंट कमी धरायचा. बाहेर ४४ अंश, बंद पॅनेलमध्ये त्याहून जास्त, आणि फिल्टरवर पांढऱ्या भुकटीचा थर. फिल्टर साफ केला, पंखा बदलला, ट्रिपिंग थांबलं. हा आलेख मला कुणी शिकवला नव्हता आणि कॉलेजात सगळं शिकवून होणारही नाही. स्वतः शोधून वाचायची सवय मात्र तिथेच लागू शकते.

सुरुवात घरच्या विहिरीवरून करा. मोटरच्या प्लेटवर बहुतेकदा २८८०च्या आसपास आरपीएम (मिनिटाला फेरे) असतो. ५० हर्ट्झवर दोन पोलच्या (चुंबकीय ध्रुवांच्या) मोटरचं गणित मात्र ३००० येतं. मधले १२० फेरे कुठे गेले, हे स्वतः शोधलंत तर स्लिप, म्हणजे वेगातला हाच फरक, जन्मात विसरणार नाही.

आपल्यातले बरेच जण मराठी शाळेतून आलेले, इंग्रजी मॅन्युअल बघून दडपण येतं. मलाही यायचं. रोज एकच पान वाचा, अडलेले शब्द वहीत लिहा. चार-सहा महिन्यांत फरक जाणवतो.

एनपीटेल या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत, पैसे फक्त परीक्षेचे. सेमिस्टरला एकच कोर्स घ्या, पण असाइनमेंट स्वतः सोडवा. ग्रुपवर फिरणारी उत्तरं उतरवलीत तर सर्टिफिकेट मिळेल, पॅनेलसमोर उभं राहायचं बळ मिळणार नाही.

शिक्षकांना एक कळकळीची विनंती. इंजिनिअरिंग पदव्यांना देशादेशांत मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाला, कोर्सची गुणवत्ता तपासणाऱ्या एनबीएच्या अपेक्षांमध्ये आजन्म शिक्षण आहेच. ते फाइलमधल्या रकान्यापुरतं ठेवू नका. एखादा भाग न शिकवता मुलांच्या हातात खरी डेटाशीट (वस्तूचं तांत्रिक माहितीपत्रक) द्या आणि तोंडी परीक्षेत त्यावरच विचारा.

माझी वही अजून चालू आहे. सध्या तिच्यात सगळ्यात वरचा प्रश्न आमच्याच शेतातल्या सोलर पंपाचा: ढग आला की कंट्रोलर नेमकं काय करतो? मॅन्युअलची अकरा पानं झालीत.