गल्लीतल्या जुन्या दुकानाचा पूर्वेतिहास कसा शोधावा

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत एका बोळाच्या तोंडाशी दूध, ब्रेड, बिस्किटे विकणारे आणि मोबाइलचे रिचार्ज करून देणारे एक लहान दुकान आहे. फलकावर 'जनरल स्टोअर्स' असे लिहिलेले असले, तरी बोळातल्या एक आजी नातवाला अजूनही "गिरणीतनं दूध घेऊन ये" असेच सांगतात. त्या नातवाने तिथे गिरणी कधी पाहिलेली नाही. असा एखादा मागे राहिलेला शब्द कानावर पडला, की त्या दुकानाचा शोध घ्यायला सुरुवात करावी आणि ती लवकर करावी, कारण कागद थांबतील, पण सांगणारी माणसे थांबणार नाहीत.

शोधाला निघण्यापूर्वी वहीत तीन रकाने आखावेत : जागा, धंदा आणि नाव. या तिन्हींचा इतिहास वेगवेगळा असतो. एकाच जागेत चार धंदे होऊन जातात. एखादा धंदा जुन्याच नावाने दुसऱ्याच्या हाती जातो. आणि कधी नाव तेवढे उचलून मूळ मालक पलीकडच्या गल्लीत दुकान मांडतो. मिळालेली प्रत्येक माहिती यांपैकी नेमकी कशाची आहे, हे तिथल्या तिथे ठरवले नाही, तर पुढे सगळे एकमेकांत मिसळते.

पहिली पायरी : दुकान डोळ्यांनी वाचणे

दुकान उघडण्याच्या थोडे आधी, ऊन तिरपे असताना जावे. रंगाखाली दबलेली जुनी अक्षरे त्या वेळी उठून दिसतात. पावसात भिंत ओली झाली म्हणजेही दिसतात. शटरच्या आत लाकडी चौकट शिल्लक आहे का, हे पाहावे. पूर्वी दुकान बंद करताना चौकटीच्या खाचेत एकेक उभी फळी सरकवत आणि क्रम चुकू नये म्हणून प्रत्येक फळीवर आकडा घालत. आढ्याला मोठा तराजू अडकवायचा लोखंडी हूक लटकत असेल, तर तिथे धान्याची तोलाई होत असावी. पिवळ्या रंगाचा पट्टा किंवा काचेचे अरुंद कपाट उरले असेल, तर एसटीडी-पीसीओची शंका घ्यावी.

मंगळवार पेठेतल्या त्या दुकानात मालकांच्या परवानगीने मी आत गेलो, तेव्हा फ्रीजच्या मागे, जमिनीपासून हातभर उंचीवर, भिंतीत विटांनी बुजवलेले एक लांबट भोक दिसले आणि त्याच्यासमोर फरशीतून वर आलेले चार गंजलेले बोल्ट. मोटर तिथे बसवलेली होती आणि पट्टा भिंतीतून पलीकडच्या जात्याकडे जात होता. त्यानंतर मालकांनी पोत्यांच्या मागून एक फळी ओढून काढली. तिच्यावर पांढऱ्या रंगात '७' हा आकडा होता. म्हणजे किमान सात फळ्यांचे दुकान गिरणीच्या आधी किंवा गिरणीच्या जोडीने तिथे होते. यांपैकी खरे काय, हे भिंत सांगू शकत नव्हती.

दुसरी पायरी : माणसांना विचारणे

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्यावा, असे माझे ठाम मत आहे. केवळ मालकाला विचारून थांबू नये. समोरचे शिंपी, शेजारच्या तालमीतली जुनी मंडळी, लक्ष्मीपुरीच्या धान्य ओळीतून त्या दुकानाला उधारीवर माल देणारे घाऊक व्यापारी यांची आठवण बहुधा अधिक बिनचूक निघते. महिन्याचा बाजार भरणाऱ्या स्त्रियांना तर आवर्जून विचारावे. कोणत्या दुकानात काय मिळे आणि कोणता वाणी वजनात चोख होता, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

"कोणत्या साली?" हा प्रश्न टाळावा. त्याऐवजी सर्वांना आठवणाऱ्या घटनांना आठवण बांधून घ्यावी. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला, त्या वेळी हे दुकान होते का? १९७२ च्या दुष्काळात इथे रेशन मिळे का? आणीबाणीत फलक कोणता होता? २००५ च्या महापुरात पाणी कुठवर आले आणि त्या वेळी आत काय होते? बोळातल्या आजींना मी साल विचारले तेव्हा त्या गप्प राहिल्या. भूकंपाचे नाव काढताच म्हणाल्या, "भूकंपाच्या पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं, आणि मी आले तवा गिरणी नवी नवीच होती." १९६८ चा उन्हाळा आपोआप मिळाला.

कोल्हापुरात एक फसगत हमखास होते. "महाराजांच्या काळातलं दुकान" असे कोणी सांगितले, की आपण ते राजर्षी शाहू महाराजांच्या खाती जमा करतो. शाहू महाराज १९२२ साली निवर्तले. त्यानंतर १९४० पर्यंत राजाराम महाराज होते, पुढे शहाजी महाराज आले, आणि संस्थान १ मार्च १९४९ रोजी विलीन झाले. म्हणून "कोणते महाराज?" हे नम्रपणे पण नक्की विचारावे. तसेच गांधीहत्येनंतर झालेल्या १९४८ च्या जाळपोळीत पोळलेल्या घरांशी बोलताना त्यांनी स्वतः विषय काढेपर्यंत थांबावे. ते बोलू लागले, तर मध्येच तोडू नये.

तिसरी पायरी : घरातले कागद

जुनी बिले, उधारीच्या वह्या, दुकानाने वाटलेली कॅलेंडरे, शिधापत्रिकेवरचा शिक्का, भिंतीवर फ्रेम करून लावलेले शॉप अ‍ॅक्टचे प्रमाणपत्र, यांतले काहीही चालते. तारीख नसली तरी काळ ओळखता येतो. हिशेब आणे-पैत असेल, तर तो बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा; 'नवे पैसे' हा शब्द असेल, तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचा. दशमान वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, त्यामुळे शेर-मणांची वही त्याआधीची किंवा फार तर त्या संधिकाळातली असते. पत्त्यात पिनकोड असेल, तर कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, आणि जीएसटी क्रमांक असेल, तर १ जुलै २०१७ नंतरचा. मात्र छापलेली बिलबुके संपेपर्यंत वापरण्याची दुकानदारांची रीत असते, म्हणून छपाईपेक्षा हाताने लिहिलेल्या मजकुरावर अधिक विसंबावे.

चौथी पायरी : सरकारी दप्तर

नगर भूमापन कार्यालयातून सिटी सर्व्हे नंबर देऊन मिळकत पत्रिकेची नक्कल घ्यावी. तिच्यात धारकाचे नाव, खरेदी, वारस आणि त्यांच्या तारखा मिळतात. परंतु ती जागेचा मालक सांगते, दुकानदार सांगत नाही. पेठांतली कितीतरी दुकाने पिढ्यान्‌पिढ्या भाड्याने चालत आलेली असल्याने हा फरक फार मोठा आहे. भोगवटादाराचे, म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणाऱ्याचे, नाव हवे असेल, तर महापालिकेच्या घरफाळा विभागातल्या आकारणीच्या नोंदी अधिक उपयोगी पडतात. इथली नगरपालिका १८५४ सालची आणि महापालिका १९७२ सालची आहे, म्हणून अर्जात काळ स्पष्ट लिहावा. संस्थानकाळातील कागदांसाठी कोल्हापूर पुराभिलेखागारात जावे लागते. तिथले पुष्कळ कागद मोडीत असल्याने मोडी वाचणारी व्यक्ती सोबत असावी.

पाचवी पायरी : छापील जाहिराती

वृत्तपत्राच्या फायली चाळाव्यात. १८५० साली स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरात बसून काम करण्यासारखे दुसरे समाधान नाही. पण गल्लीतला वाणी दैनिकात क्वचितच जाहिरात देत असे. तो पैसे देई ते गणेश मंडळाच्या, तालमीच्या आणि शाळेच्या स्मरणिकेला. त्या पातळ पुस्तिकांच्या शेवटच्या पानांत पाव पानाच्या चौकटीत दुकानाचे त्या वर्षीचे नाव, मालाची यादी आणि कधीकधी प्रोप्रायटरचेही नाव असते, शिवाय मुखपृष्ठावर साल छापलेले असते. मंडळाच्या जुन्या पदाधिकाऱ्यांकडे त्यांचे गठ्ठे असतात. मंगळवार पेठेतल्या त्या दुकानाची 'किराणा भुसार व पिठाची गिरणी' अशी जाहिरात मला एका स्मरणिकेतच सापडली, आणि फळ्या व गिरणी एकाच वेळी होत्या का, हा प्रश्न तिथे मिटला.

शेवटची पायरी : जुळवणी

तिन्ही रकाने वर्षांच्या क्रमाने लावावेत आणि प्रत्येक नोंदीपुढे ती कागदावरून घेतली, डोळ्यांनी पाहिली की तोंडी ऐकली, हे लिहावे. दोन स्वतंत्र ठिकाणांहून दुजोरा मिळेपर्यंत ती पेन्सिलीतच ठेवावी. जागेचा वाद किंवा पागडीचा व्यवहार चालू असेल, तर मालक साशंक असतात. त्यांना हेतू आधीच सांगावा आणि त्यांनी नको म्हटलेले नाव लिहू नये. टिपण पूर्ण झाले, की त्याची एक प्रत दुकानदाराला द्यावी आणि आजच्या फलकाचा, आतल्या मांडणीसह, तारीख टाकलेला फोटो त्याला जोडावा. फोटोत ती सात नंबरची फळीसुद्धा यावी, कारण पोत्यांमागची अशी वस्तू पुढच्या रंगकामात सरपणात जाते.