जुन्या चेतकचं इंजिन बांधायचंय? सुटे भाग असे जमवा

इंजिन पूर्ण खोलून, धुऊन, मोजून होईपर्यंत एकही भाग विकत घेऊ नका. ‘चेतकचं पूर्ण किट द्या’ म्हटलं की पुण्याच्या नाना पेठेत किट हातात पडतं, पण ते तुमच्याच गाडीचं असेल असं नाही. बजाजची ही स्कूटर १९७२ पासून तीन दशकांहून जास्त काळ बनत होती. आधीच्या गाड्यांना सहा व्होल्टची वायरिंग आणि पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारा संपर्क), नंतरच्यांना बारा व्होल्ट आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन. म्हणून आरसी बुकावरचं वर्ष, इंजिन नंबर आणि चासी नंबर आधी कागदावर उतरवून घ्या. ऑनलाइन शोधताना तर वर्ष घालाच. २०२० पासून याच नावाची इलेक्ट्रिक स्कूटर विकली जाते, आणि नुसतं ‘चेतक’ लिहिलं की तिचेच भाग समोर येतात.

आता सिलिंडर बोअरिंगवाल्याकडे, म्हणजे तो आतून कापून मोठा करणाऱ्याकडे, न्या. वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं माप घ्यायला सांगा. मूळ बोअर (आतला व्यास) ५७ मिमी आणि स्ट्रोकही (पिस्टनची वर-खाली धाव) ५७ मिमी, त्यातून १४५.४५ सीसी होतात. सिलिंडर बिडाचा असल्यामुळे तो झिजला तरी मोठा करता येतो. पिस्टन स्टँडर्डनंतर सहसा पाव मिलिमीटरच्या टप्प्यानं मोठे मिळतात. एलएमएलच्या दीडशे सीसी स्कूटरचा पिस्टन दिसायला जवळचा, पण त्याचा मूळ बोअरच ५७.८ मिमी. ‘तोच बसतो’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

इथे क्रम फार महत्त्वाचा आहे: पिस्टन आधी, बोअरिंग नंतर. माप कळलं की त्या साइजचा पिस्टन खरंच बाजारात आहे का ते पाहा, विकत घ्या आणि तोच पिस्टन बोअरिंगवाल्याच्या हातात द्या. एकाच साइजच्या दोन कंपन्यांच्या पिस्टनमध्येही बारीक फरक असतो. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट हातातल्या पिस्टनवरूनच ठरायला हवी. फट कमी राहिली तर इंजिन पहिल्याच चढाला सीज (जाम) होतं, जास्त झाली तर खडखडतं. काम झाल्यावर रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासून घ्या.

क्रँक (पिस्टनची हालचाल फिरतीत बदलणारा दांडा) जुना वापरायचा असेल तर त्याला पिस्टनशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून बघा. बाजूला थोडा हलणं ठीक आहे, पण वर-खाली अजिबात हलता कामा नये. हलत असेल तर नवं रॉड किट घेऊन प्रेसवर बसवून देणारा कारागीर गाठा आणि नंतर क्रँकचं सेंटर, म्हणजे तो सरळ फिरतो का, डायल गेजवर तपासून घेण्याचा आग्रह धरा.

बेअरिंग नावानं नव्हे, नंबरानं मागा. जुन्यावर कोरलेला नंबर आणि त्यापुढचं सी-३ सारखं चिन्हही लिहून घ्या. सी-३ म्हणजे बेअरिंगच्या आत नेहमीपेक्षा थोडी जास्त फट; इंजिन तापतं तेव्हा ती कामाला येते.

ऑइल सीलवर पैसे वाचवू नका. चेतकसारख्या टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेसमधूनच (क्रँकभोवतीच्या पेटीतूनच) पेट्रोल-हवेचं मिश्रण वर जातं, त्यामुळे सील म्हणजे इंजिनाचा श्वासच आहे. मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या चुंबकाच्या चाकाच्या) बाजूचं सील गेलं तर बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि नवाकोरा पिस्टनसुद्धा जळू शकतो. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअर ऑइल जळून पांढरा धूर निघतो. कपाटात वर्षानुवर्षं पडलेला ‘ओरिजिनल’ माल धातूच्या भागांसाठी उत्तम, रबरासाठी नाही. सील नवीनच घ्या. त्यावर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली असते. ती जुन्याशी जुळवा. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं, तेव्हा पेट्रोलचा पाइप आणि कार्बोरेटरचं रबरही इथेनॉलला टिकणारं आहे का ते विचारून घ्या.

बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात काय घ्यावं? हेड, कव्हर, किक शाफ्ट, दात न झिजलेले गिअर. रिंग, पिनची लॉकं, पॅकिंग आणि बेअरिंग तिथून कधीच नको. मॅग्नेट आणि कॉइल प्लेट घ्यायची तर एकाच गाडीची जोडी घ्या, आणि मॅग्नेट आपल्या क्रँकच्या टेपरवर (निमुळत्या टोकावर) बसवून बघा. म्हणजे क्रँक पिशवीत सोबत हवा. दुकानात जाताना प्रत्येक जुना भाग न्यावाच.

क्रँककेस मात्र शक्य तोवर बदलू नका. बारीक तडा असेल तर आर्गन वेल्डिंग करणारा शोधा. बदलावीच लागली तर दोन्ही भाग जोडीनं घ्या. केसवर इंजिन नंबर असतो, आणि नंबर बदलला की आरटीओत नोंद करावी लागते. म्हणून विकणाऱ्याकडून पावती आणि ती केस ज्या गाडीची, तिच्या आरसीची प्रत मागा. तो देत नसेल, तर केस कितीही चांगली असली तरी तिथेच ठेवून या.