मागून घुमणारा आवाज आणि घाईत बदललेलं बेअरिंग: या चुका टाळा

गाडी साठच्या पुढे गेली की मागून 'घूंऽऽ' सुरू होतं. काही दिवस रेडिओ मोठा करून निघतात. मग मागच्या सीटवरचं कुणीतरी विचारतं, "विमान चाललंय का वरून?" बहुतेकांना जाग येते ती तेव्हा. आणि जाग आली की लगेच पहिली चूक होते: आवाज मागून येतोय ना, मग चाकाचं बेअरिंगच (चाक ज्यावर सहज फिरतं ते गोळ्यांचं किंवा रोलरचं कडं) गेलं, काढा चाक.

टायरचे ठोकळे वेडेवाकडे झिजले तरी अगदी असाच आवाज येतो. मी स्वतः यात फसलोय. धडधाकट बेअरिंग काढलं, नवं बसवलं, आणि गाडी तशीच घुमत परत आली. तेव्हापासून आधी टायरवरून तळहात फिरवतो. करवतीच्या दात्यांसारखे चढउतार लागले तर पहिला संशय टायरवर. रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की टायरचा सूर बदलतो, बेअरिंगचा सहसा बदलत नाही. तरी खात्री होत नसेल तर त्याच बाजूचे पुढचे-मागचे टायर अदलाबदल करून बघा. आवाज टायरबरोबर पुढे गेला, तर बेअरिंग निर्दोष.

इंजिनाचा संशय फेडणं त्याहून सोपं. मोकळ्या, सरळ रस्त्यावर इंजिन चालू ठेवूनच क्षणभर न्यूट्रल करा. इंजिनाचे फेरे उतरले तरी घरघर वेगाप्रमाणेच चालू राहिली, तर ती चाकांकडची आहे.

आता डावं की उजवं? डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो, म्हणून तेव्हा आवाज वाढला तर उजवं बेअरिंग संशयित. पुढच्या चाकांना ही खूण बरी चालते. मागच्यांच्या बाबतीत एवढ्यावर विसंबू नका, कारण आवाज बॉडीतून घुमून येतो आणि कान सहज फसतात. चुकीच्या बाजूचं बेअरिंग बदलून बसलेले लोक कमी नाहीत.

जॅकवर घेतल्यावर

पुढच्या चाकांना ठोकळे लावा, गाडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली हात घालू नका. मगच हँडब्रेक सोडा. तो ओढलेलाच ठेवून 'चाक जड फिरतंय' असा निष्कर्ष काढणारेही भेटतात.

एका हाताने चाक फिरवा आणि दुसरा हात त्याच बाजूच्या कॉइल स्प्रिंगवर ठेवा. कानाला जे कळत नाही ते इथे बोटांना कळतं: खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बारीक थरथरीसारखी जाणवते. दुसऱ्या बाजूलाही तेच करून तुलना करा. ब्रेक शू ड्रमला घासत असला तर तोही आवाज करतो, पण तो 'सर्र सर्र' असतो आणि बहुधा फेऱ्यातल्या ठरावीक जागी येतो.

मग चाक वर-खाली धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. प्ले नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा. तसाच राहिला तर सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतले रबरी तुकडे) तपासा. याच्या उलटी चूक जास्त महागात पडते: प्ले नाही म्हणून बेअरिंग चांगलं समजणं. सीलबंद बेअरिंग (आत ग्रीस भरून बंद केलेलं) प्ले येण्याच्या कितीतरी आधी घुमायला लागतं. टेपर रोलर बेअरिंगमध्ये (गोळ्यांऐवजी निमुळते रोलर असलेल्या) मात्र अगदी किंचित प्ले मुद्दाम ठेवलेला असतो, तो दोष नव्हे.

एबीएसचा (ब्रेक दाबताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा अधूनमधून लागत असेल तर तोही या तपासात धरा. हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) डुगडुगला की चाकाचा वेग टिपणारा सेन्सर आणि त्याच्यासमोर फिरणारी रिंग यांच्यातलं अंतर बदलतं.

बसवताना

नवी बेअरिंग लवकर जातात, त्यामागे बऱ्याचदा हातोडा असतो. हबमध्ये बेअरिंग दाबताना जोर फक्त बाहेरच्या रेसवर (बेअरिंगच्या कड्यावर), आणि शाफ्टवर चढवताना फक्त आतल्या रेसवर द्यायचा. उलट केलंत की तो जोर गोळ्यांमधून जातो, रेसवर बारीक खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्याच फेरीत गुणगुणायला लागतं. प्रेस नसेल तर हब काढून प्रेस असलेल्याकडे न्या. यात कमीपणा काही नाही.

काही सीलबंद बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच एबीएससाठी चुंबकी पट्टी असते. ती सेन्सरकडे यायला हवी. उलटं बसलं तर सगळं पुन्हा उघडावं लागतं. लोखंडी कीस पडलेल्या बाकावर हे बेअरिंग ठेवू नका, कीस पट्टीला चिकटतो.

टेपर रोलर असेल तर हबमधली जुनी बाहेरची रेस तशीच ठेवून फक्त रोलर बदलू नका, दोन्ही जोडीनेच बदलायचे. ऑइल सीलही नवं. ग्रीस रोलरच्या आत दाबून भरा, पण हबची पोकळी काठोकाठ भरू नका. जादा ग्रीस तापतं आणि सीलमधून ब्रेक लायनरवर उतरतं. चाक फिरवत नट आवळा म्हणजे रोलर जागी बसतील. मग तो सैल करून बोटांच्या जोराने टेकवा. स्प्लिट पिनचं (नट सुटू नये म्हणून घालायच्या दुपेडी पिनेचं) भोक जुळत नसेल तर नट पुढे न रेटता मागे घ्या.

सीलबंद प्रकारात याच्या अगदी उलट. तिथे नट टॉर्क रेंचनेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळायचा. अंदाज किंवा इम्पॅक्ट गन चालणार नाही. ठेचून लॉक होणारा नट एकदाच वापरायचा असतो. आणि नट पुरता आवळल्याशिवाय गाडी जमिनीवर टेकवून ढकलू नका.

जुनं बेअरिंग फेकण्याआधी

ते पुसून नीट बघा. तांबूस गंज आणि दुधाळ ग्रीस दिसलं तर पाणी शिरलंय, म्हणजे सील किंवा हबची टोपी गळते आहे. निळसर झाक म्हणजे ते तापलंय: ग्रीस संपलं, नट जास्त आवळला गेला किंवा ब्रेक अडकून राहिला. शेवटचं असेल तर ब्रेक आधी मोकळा करा, नाहीतर नवंही तसंच भाजेल. आतली रेस स्टब अॅक्सलवर (हब ज्यावर बसतो त्या आखूड दांड्यावर) फिरल्याच्या चकचकीत खुणा दिसल्या तर अॅक्सलवर बोट फिरवा. कड लागली तर स्टब अॅक्सलही बदलावा लागेल. झिजलेल्या अॅक्सलवर नवी रेस घट्ट बसतच नाही.