रेकॉर्ड प्लेयरमधली ‘घूं’ कशी घालवावी

सुई तबकडीवर टेकण्यापूर्वीच स्पीकरमधून एकसुरी ‘घूं’ ऐकू येत असेल, तर दोष बहुतेक वेळा रेकॉर्डचा नसून अर्थिंगच्या जोडणीचा असतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे हा आवाज ५० किंवा १०० हर्ट्झचा असतो. सुई ज्यात बसवलेली असते त्या मूव्हिंग मॅग्नेट (हलत्या चुंबकाच्या) कार्ट्रिजमधून जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्टचा सिग्नल निघतो. फोनो प्रीअँप तो सुमारे शंभर पट वाढवतो आणि रेकॉर्ड कोरताना दाबलेला खर्ज भरून काढण्यासाठी ५० हर्ट्झजवळचे सूर मधल्या सुरांपेक्षा आणखी सात पट उचलतो. म्हणूनच टीव्हीला किंवा रेडिओला जाणवणारही नाही इतकी बारीक गळती येथे खोलीभर ऐकू येते.

कोणत्याही वायरीला हात लावण्यापूर्वी अँप्लिफायर बंद करावा. टर्नटेबलमागून आवाजाचा सिग्नल नेणाऱ्या दोन आरसीए वायरींसोबत अर्थिंगची एक बारीक वायर निघते. तिचा लग, म्हणजे टोकाची धातूची पट्टी, प्रीअँपच्या ‘जीएनडी’ (ग्राउंड, म्हणजे अर्थ) स्क्रूखाली घट्ट बसलेला हवा. ठाण्याच्या पावसाळी, दमट हवेत या लगवर काळपट थर चढतो आणि वायर जोडलेली दिसूनही जोड सुटलेलाच असतो. बारीक पॉलिश पेपरने लग घासून चकाकता करावा. सुई धरणाऱ्या धातूच्या दांडीला, म्हणजे टोनआर्मला, बोट लावल्यावर आवाज बदलत असेल, तर आर्मपासून या लगपर्यंतची जोडणी मल्टिमीटरने तपासावी. घूं एकाच बाजूच्या स्पीकरमधून येत असल्यास कार्ट्रिजमागच्या चार पिना पाहाव्यात: लाल व हिरवी उजव्या चॅनलची, पांढरी व निळी डाव्याची.

सुई वर उचललेली ठेवून आर्म हळूहळू आत नेताना आवाज वाढत-घटत असेल, तर कारण जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र हे आहे. अशा वेळी अँप्लिफायर दोनेक फूट दूर सरकवावा.

सर्वांत चकवणारा प्रकार म्हणजे अर्थ लूप, म्हणजे जोडलेल्या उपकरणांना दोन वेगळ्या ठिकाणांहून अर्थ मिळणे. नौपाड्यातील माझ्या घरी सगळ्या वायरी बदलूनही घूं जाईना. शेवटी अँप्लिफायरला जोडलेल्या सेट-टॉप बॉक्समधून केबलची वायर सोडवली, आणि आवाज त्याच क्षणी थांबला. गच्चीवरून येणाऱ्या त्या वायरीच्या आतल्या धातूच्या जाळीला इमारतीत दुसरीकडेच अर्थ मिळाला होता, आणि त्या दोन अर्थांमधला अल्पसा फरक सिग्नलच्या वायरीतून वाहत होता. म्हणून इतर सर्व जोडण्या काढून फक्त टर्नटेबल, प्रीअँप आणि अँप्लिफायर एकाच बोर्डवर चालवावेत आणि मग एकेक उपकरण परत जोडत जावे. दोषी केबल असेल, तर तिच्या वाटेत आयसोलेटर, म्हणजे सिग्नल जाऊ देऊन अर्थची जोडणी तोडणारा जोड, बसवावा. डिश अँटेनाला मात्र वीज त्याच वायरीतून जाते, त्यामुळे तेथे साधा आयसोलेटर चालत नाही.

काही जण प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकतात. घूं जाते हे खरे, पण आतले इन्सुलेशन निकामी झाले तर २३० व्होल्ट थेट कॅबिनेटवर येतात. हा उपाय कधीही करू नये. जुन्या इमारतींत सॉकेट तीन पिनांचे असूनही मागे अर्थची वायरच नसते. ती आहे की नाही हे परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच तपासून घ्यावे.

अखेरीस आर्म उचलून, नेहमीच्या व्हॉल्यूमवर, आपल्या बसण्याच्या जागेवरून ऐकावे. स्पीकरला कान लावल्यावर बारीक ‘सस्स’ ऐकू आली, तर ती प्रीअँपची स्वतःची खरखर आहे; तिचा अर्थिंगशी संबंध नाही.